दोरी मिळणार नाही

प्रिय ठोक्या,

तुझं पत्र काल पोचलं. दोरी मिळणार नाही.

खरं तर पत्र इथेच संपवायला हरकत नव्हती, पण मला आलेला राग एवढ्याशा दोन ओळींत मावणारा नाही. फोनवर सांगितलं असतं, तर मी आवाज चढवला की तुझ्या डोंगरातली रेंज नेमकी तेव्हाच जाते. तुझं कौतुक चाललेलं असतं तेव्हा बरी अर्धा अर्धा तास टिकते. कागदाचं बरं असतं, तो मधेच 'आजी, ठेवतो, साहेब बोलावतायत' म्हणत नाही. तेव्हा हातातला हातोडा खाली ठेव, हात पूस आणि बसून वाच. हातोडाच असणार हातात, मला ठाऊक आहे. उगाच नाही तुझ्या आजोबांनी तुझं नाव ठोक्या ठेवलं. पाना लावून सुटणारी गोष्टसुद्धा तू आधी ठोकून बघतोस.

सांगतेय मी आणि लिहितेय वायसर. दुसरं आहे कोण इथे लिहायला? तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्या मास्तराने माझ्या शब्दांना इस्त्री करून, भांग पाडून, शाळेतल्या निबंधासारखे रांगेत उभे केले असते. आज रविवार, वायसरचं रंगाचं दुकान बंद, म्हणून तुझ्या या धाकट्या बहिणीला धरून आणलंय आणि वर्कशॉपमधल्या टेबलाशी बसवलंय. चार महिन्यांत पहिल्यांदा ती या शेडमध्ये पाऊल टाकतेय. आल्या आल्या तिने काय केलं सांगू? खुर्ची अशी फिरवून घेतली की भिंतीवरच्या पान्यांकडे पाठ होईल. तिला मी आधीच बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, तुझ्याबद्दल वाईट बोलले तरी लिहायचं आणि चांगलं बोलले तरी लिहायचं, मधे स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. ती मान हलवते. लिहिते की नाही ते मला कसं कळणार? कागदावर मुंग्या चालताना दिसतात, एवढंच.

आता तुझ्या पत्राकडे येते. ते मला तिनेच वाचून दाखवलं. हे तुला सुचलं नाही का रे? तुझी आजी निरक्षर आहे हे तुला जन्मापासून माहीत. तिच्याजवळ बसून पत्र वाचणारी एकच, हेही माहीत. मग लिहिताना हात जरासुद्धा कसा अडखळला नाही? तू लिहिलंयस की या वेळी आपल्या रेड्याचे, म्हणजे त्या जुन्या गाडीचे, पुढचा आणि मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल बदलतोयस, भंगारातून दणकट जोडी मिळाली आहे, दोघांच्याही हबला, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या तोंडाला, आठ आठ भोकं आहेत, आणि येत्या आठवड्यात लेथवाल्याकडून त्यांच्या मधे सहा भोकं पाडून घेणार आहेस, म्हणजे आजोबांच्या जुन्या सहा भोकांच्या चाकाच्या डिस्क त्यावर चढतील. त्यासाठी आजोबांची दोरी पाठव, माप चुकायला नको. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पुढे तू लिहिलंस, 'आणि या वेळी चाकांचे नट मी स्वतः आवळीन, दुसऱ्या कुणावर सोडणार नाही.'

दुसऱ्या कुणावर. हे तिला स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने वाचावं लागलं. रंगाच्या डब्यावरची सूचना वाचावी तसं तिने ते वाचलं, आवाज वर नाही की खाली नाही. शेवटचं 'तुझा लाडका' हेही वाचलं. मग कागदाची होती तशी घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला आत गेली. एक पेला पाणी प्यायला कुणाला एवढा वेळ लागत नाही, ठोक्या.

तेव्हा दोरी का मिळणार नाही ते आता सविस्तर ऐक. मधे मधे तुझी पूजा बांधेन, ती मुकाट्याने घे.

गेल्या खेपेला रेड्याचा मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्यांदा मोडला, आणि तू भंगारातल्या कुठल्याशा राक्षसी ट्रकचा अ‍ॅक्सल उचलून आणलास. दोन दिवस तुम्ही भावंडं अंगणात त्याच्याभोवती फिरत होता, बाजारात बैल बघावा तशी. त्याच्या हबला आठ भोकं आणि आपल्या डिस्कला सहा. हिचं म्हणणं अगदी सरळ होतं. म्हणाली, बदलायचे तर पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल एकदम बदलू आणि सगळीकडे आठच ठेवू. डिस्क नव्या घेऊ. म्हणजे स्टेपनी एकच लागेल आणि ती चारांपैकी कुठल्याही चाकाच्या जागी बसेल. मागे आठ आणि पुढे सहा ठेवलं, तर दोन स्टेपन्या वागवत हिंडावं लागेल, आणि एकच घेतली तर पंक्चर नेमकं तिला न जुळणाऱ्या चाकाचं होईल. आणि आठ भोकांच्या मधे आणखी सहा पाडली तर हबची चाळण होईल, डोंगरात माणसं न्यायची आहेत, पीठ नाही चाळायचं. हे शेवटचं तिचंच वाक्य, माझं नाही. माझ्या वळणावर गेली आहे थोडी.

तू म्हणालास, आजोबांच्या डिस्क काय टाकून द्यायच्या? आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

आता माझी बाजू. त्या डिस्क तुझ्या आजोबांनी स्वतः घासून, स्वतः रंगवून ठेवलेल्या. पाठीचा मणका दुखत असताना दर वर्षी एकेक डिस्क मांडीवर घेऊन बसायचे, मूल न्हाऊ घातल्यासारखे. मी म्हणाले, सहाच राहू देत. एवढं म्हणून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण हिने विचारलं की मग निदान एक डिस्क लेथवर घेऊन जाऊ दे, हबवर ठेवून तिच्या भोकांतूनच खुणा करू, नाहीतर मला व्हर्निअरने मोजून आकडा लिहून देऊ दे. त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असणार, कारण तू पोट धरून हसलास. मी म्हणाले, तुझे आजोबा चाळीस वर्षं खिशात दोरी घालून लेथवर गेले, तू कालची पोर, जा डिस्क डोक्यावर घेऊन. तू हसलास, दोरी खिशात टाकलीस आणि गेलास. ती हसली नाही. मी ते बघितलं, आणि बघूनही भाजी निवडत राहिले.

दोरी म्हणजे काय ते तुला नव्याने सांगायची गरज नाही, पण मला सांगायला आवडतं म्हणून सांगते. करंगळीच्या निम्मी जाड, तेलाने काळी, एका टोकाला फास आणि पुढे तीन गाठी. फास एका बोल्टात अडकवायचा, दोरी बरोबर समोरच्या बोल्टापर्यंत न्यायची आणि कुठली गाठ तिथे येते ते बघायचं. पहिली गाठ लहान गाड्यांची, दुसरी आपल्या रेड्याची, तिसरी मोठ्या ट्रकांची. पाच भोकांच्या डिस्कला दोरी चालत नाही, कारण पाचांत कुणासमोर कुणीच येत नाही. काही घरं असतात तशी, जो तो दुसऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतो. सहांत आणि आठांत मात्र प्रत्येकाच्या समोर कुणीतरी असतं. मी या घरात आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं आणि अजून येत नाही. तुझ्या आजोबांनी मला डोळे मिटायला लावले, बोट गाठीवर ठेवलं आणि विचारलं, कुठली? चार दिवसांत मला सगळ्या आल्या. लोक पाटीवर गिरवतात, मी दोरीवर गिरवलं. ते गेल्यावर दोरी माझ्याकडे आली. गिऱ्हाईक पुस्तक उघडायचं, तू मोबाइल चोळत बसायचास, आणि तुमच्या आधी मी दोरी लावून सांगून मोकळी व्हायची. मला वाचता येत होतं असं या जगात तेवढंच.

बरं, तू लेथवरून हब घेऊन आलास. डिस्क चढवायला घेतलीस तर चढेना. चार बोल्ट भोकांत शिरायचे आणि दोन अडायचे. हिने सांगितलं, बसत नाहीये रे, बळजबरी करू नको, खाली उतरव, मोजू. तू म्हणालास, बोल्ट नवे आहेत, आवळले की बसतील. आणि घेतलास हातोडा. मी ऐकत होते. तुझ्या हातोड्याचा आवाज मला ओळखू येतो, तो वाद जिंकल्याचा आवाज असतो.

साठ-एक किलोमीटर चालवून आणलास तू रेडा, आणि नवं चाक चढवलं की तेवढ्या चालीनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, हा तुझ्या आजोबांचा नियम. ते काम हिच्याकडे होतं आणि ते हिने केलं. मी खाटेवर बसले होते. ती पान्याला लांब नळी लावते आणि सगळा भार टाकून लोंबकळते, एवढंसं तर वजन आहे तिचं. नट पुरता आवळला की पाना एकदा कण्हतो. मागची दोन चाकं, बारा नट. पाना बारा वेळा कण्हला. मला लिहिता येत नाही, पण बारापर्यंत मोजता येतं.

मग तिसऱ्या दिवशी तो उतार. तुझं मागचं डावं चाक तुम्हा सगळ्यांच्या आधी खाली पोचलं. रेडा खडकाला टेकला म्हणून थांबला, नाहीतर आठ माणसं होती आत. ज्याची माणसं तू डोंगरात जमीन मोजायला नेतोस त्या मोजणीसाहेबाचा हात मोडला, बाकीचे खरचटण्यावर सुटले. तू परत आलास, अंगणात उभा राहिलास, गळ्यात हात बांधलेला साहेब बाजूला, दोन गिऱ्हाइकं ओट्यावर, आणि कुणी विचारायच्या आत बोललास, 'नट हिने आवळले होते.' बस, एवढंच. 'डिस्क मी ठोकून बसवली होती' हे वाक्य तुझ्या तोंडात आलंच नाही. 'ही नको म्हणत होती' तेही नाही. मोठा आहेस ना तिच्याहून? उंचीने म्हणतेय मी.

आणि हिचाही मला राग आहे, लिही ग, तसंच लिही. जी पोरगी नटाशी भांडते, गंजलेल्या बोल्टाशी भांडते, भंगारवाल्याला रडवते, ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. हातातला पाना खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि गेली. पुढच्या सोमवारी रंगवाल्याच्या काउंटरवर उभी. आता दिवसभर पांढऱ्यात निळा किती आणि पिवळा किती ते घोळते. संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येते तेव्हा नखांत पांढरं असतं. या घरातल्या बायकांच्या नखांत मी कधी पांढरं बघितलं नव्हतं. लोक वर्कशॉपच्या दारावरून जाताना म्हणतात, इथली पोरगी नट सैल सोडायची. ज्या लोकांना स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही ते म्हणतात. तिला वायसर म्हणायला लागलो आपण, कारण लहानपणी गाड्यांखाली रांगत जाऊन पडलेले वायसर फ्रॉकच्या खिशात गोळा करायची. नट आणि डिस्क यांच्या मधे बसणारी ती एवढीशी चकती, सगळा दाब तिच्यावर, आणि हरवली की मगच आठवते.

आता नीट ऐक. त्या दिवशी तू तुटलेले सहा बोल्ट टेबलावर फेकलेस आणि साहेबाला घेऊन आत चहाला गेलास. मी त्या बोल्टांवरून अंगठा फिरवला. नट सैल राहिला तर चाक आतल्या आत हलत राहतं, आटे झिजतात, बोल्टाची मान बारीक होते. या सहांचे आटे नवेकोरे होते, अंगठ्याला टोचत होते. आणि सहाच्या सहा एकाच तऱ्हेने वाकलेले, मधल्या बाजूला, जणू चढवल्या क्षणापासून कुणीतरी त्यांना आत ओढत होतं. म्हणजे नट आवळलेलेच होते. बोल्टच जरा लांब लांब बसले होते. म्हणजे हबवरची भोकं डिस्कच्या भोकांशी जुळत नव्हती. लेथवाल्याचा हात चुकत नाही, त्याला माप दिलं तशीच त्याने पाडली होती. मग काय चुकलं असेल? तू आत चहाच्या पेल्यात बिस्कीट बुडवत होतास तोवर मला कळलं होतं. मी ते सहा बोल्ट पत्र्याच्या डब्यात टाकले, झाकण दाबून बसवलं आणि डबा फळीवर मागे सारला.

वायसरने पेन थांबवलंय. माझ्याकडे बघतेय. लिही, म्हटलं, अजून संपलेलं नाही.

आजोबांची दोरी आता नाही. दीड वर्षांपूर्वी खिळ्यावरून पडली आणि उंदराने खाल्ली. इतकी वर्षं तेल प्यालेली दोरी, त्याला मेजवानीच. टेबलाखाली मला तिचे तीन तुकडे सापडले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला पाठ आहे. 'जाऊ दे ग आजी, व्हर्निअर आहे की.' प्रेमाने म्हणाला असतात, तेच तर मला ऐकायचं नव्हतं. मग मी ट्रंक उघडली. त्यांच्या जुन्या पायजम्याची नाडी होती. तीन तुकडे जमिनीवर जोडून ठेवले, नाडी शेजारी लावली, बोटांनी चाचपून गाठी मारल्या. दोन दिवस जळक्या ऑइलमध्ये बुडवली, मातीत लोळवली, उन्हात टाकली, आणि खिळ्याला टांगून दिली. आजोबांची दोरी म्हणून मी ती सगळ्यांना दाखवत होते, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं, होती त्यांचीच. फक्त पहिली दोरी वाखाची होती, बैलाने ओढली तरी तेवढीच राहणारी. नाडी सुताची आणि विणलेली. ओढली की वाढते, सोडली की आखडते. पायजम्याला तेच लागतं. तुझा लेथवाला दांडगा माणूस, त्याने इमानदारीने ताणून मोजलं. लेथवाल्याला दोष देऊ नको, आणि आजोबांनाही नको.

आत्ता, हे लिहिता लिहिता, मी हिला उठवलं. मी ज्या स्टुलावर बसते त्याच्या फळीखाली आजोबांची सहावी डिस्क आहे, ती बाहेर काढायला लावली आणि दोरी हातात दिली. नुसती अलगद धरली तर दुसरी गाठ बरोबर समोरच्या भोकाच्या मध्यावर येते. मी तशीच धरते नेहमी, म्हातारीच्या हातात जोर कुठला. ताणली की गाठ अर्धा सूत पुढे सरकते. अर्धा सूत म्हणजे नखाची जाडी, पण सहा बोल्टांना वाकवायला पुरते. तिने तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा दोरी ताणून धरूनच जरा वेळ बसली. मला वाटलं आता फेकेल माझ्या तोंडावर, आणि तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने दोरी गुंडाळली, टेबलावर ठेवली, पेन उचललं आणि म्हणाली, 'पुढे सांग.'

पुढे सांगते. डिस्क आठ भोकांच्या घे. पुढे आठ, मागे आठ, स्टेपनी आठ. हबला नवं एकही भोक पाडायचं नाही, ज्या भोकांसाठी ते जन्माला आलं त्यांवरच चढव. आजोबांच्या डिस्क मला परत पाठव, उतारावरून गेलेलीसुद्धा. त्या रेड्याखाली नसल्या म्हणून ते काही रागावणार नाहीत. ते लोखंडाचे होते असं तुम्हाला वाटतं, पण एखादी गोष्ट बसत नसली की ती खाली उतरवणारा माणूस होता तो. ठोकणं तू कुणाकडून शिकलास देव जाणे, माझ्याकडूनच असेल. आणि मोजणीसाहेबाला सांग की त्यांच्या हाताचं देणं तुझ्या बहिणीचं नाही. ते थोडं तुझ्या हातोड्याचं आहे आणि बरंचसं एका म्हातारीच्या नाडीचं आहे. मी स्वतः भेटून सांगेन, पण आधी तू सांग, त्या दिवशी अंगणात बोललास तेवढ्याच मोठ्या आवाजात.

आणि आता शेवटचं. दोरी मिळणार नाही एवढंच कळवायचं असतं तर एक ओळ पुरली असती. दोरीशिवाय तू लेथची पायरी चढणार नाहीस, तेवढा तू मला माहीत आहेस. हे पत्र तुझ्या नावाने आहे, पण सांगायचं होतं ते हिला, गेले चार महिने. रोज संध्याकाळी ती समोर जेवायला बसायची, मी तिच्या पानात वाढायची आणि मनात म्हणायची, आज सांगू. जीभ उचलायची नाही. तिला सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती, आणि तुझ्यावर ओरडायला मला आजवर कधी हिंमत लागली नाही, म्हणून तुझ्यावर ओरडत ओरडत इथपर्यंत आले. वायसर, तुझं काही चुकलं नव्हतं. पाना बारा वेळा कण्हला होता, मी ऐकला होता. हे मी तुला त्याच दिवशी, त्या अंगणात सांगायला हवं होतं. आता हेही लिही. ठोक्या, तिने ते लिहिलं की नाही, मला वाचता येत नाही. तिला म्हटलं, हे पोस्टात टाकायचं नाही, मंगळवारच्या गाडीने तू स्वतः घेऊन जा आणि सोबत व्हर्निअर ने. खुर्ची फिरवून घेतली आहे तिने, आता भिंतीवरचे पाने तिच्या समोर आहेत. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर ती दारात उभी आहे. वाचत बसू नको. आधी तिला पाणी दे, मग पाना दे.

तुझीच, पण आजचा दिवस तिची जास्त,
आजी

(खाली काळा डाग पडलाय तो माझा अंगठा. शाई नव्हती, दोरीवर घासून घेतला.)